मधाची बाटली

“ह्या बाकड्यात कुणाच्या तरी कपाचा कान हाय, आणि त्यो मलाच टोचतोय,” आत्ती माझ्या कानाशी पुटपुटल्या.

कान आमच्याच घरातला होता. आमच्या कॉलनीच्या बागेतलं ते बाकडं फुटक्या कपबश्यांचं. कला महाविद्यालयाच्या मुलांनी बागेत शिबिर घेतलं तेव्हा घरोघर हिंडून फुटक्या बश्या, कप, फरश्या गोळा केल्या होत्या. त्यातला निळ्या फुलांचा कप माझ्या लग्नातल्या आहेराचा. तो मी फोडला की आत्तींनी, यावर आमचं एकमत कधी झालं नाही. म्हणून मी कानाबद्दल काही बोलले नाही. त्यांना नुसतं जरा सरकायला सांगितलं.

सरकायला जागा नव्हती. एका बाकड्यावर आम्ही सगळे मिठारी दाटून बसलो होतो. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्या पलीकडे मामंजी, आणि माझ्या मांडीवर ऋतुजा, जिचं मांडीवर बसायचं वय केव्हाच उलटून गेलं होतं. सव्वीस जानेवारीची सकाळ. झेंडावंदन झालं होतं. कोल्हापुरात झेंडावंदनानंतर जिलेबी खाल्ली नाही तर प्रजासत्ताक अपुरं राहतं, त्यामुळे तीही झाली होती, आणि सगळ्यांची बोटं पाकानं चिकटलेली होती. थंडी अशी की आत्तींनी अंगावर लोकरीची शाल घेतली होती आणि कानाला मफलर गुंडाळून गाठ थेट डोक्यावर मारली होती. हनुवटीखाली गाठ मारली की बोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे मफलरची दोन्ही टोकं डोक्यावर उभी राहत. हे त्यांचं दर हिवाळ्यातलं रूप.

समोर शलाका कारेकर कर्णा घेऊन उभी होती. ही बाई कॉलनीत नवी. नवऱ्याच्या बदलीमुळे दिवाळीनंतर रत्नागिरीहून आलेली, हसरी, उत्साही, आणि कुणाला कशाची लाज वाटते हे अजून न कळलेली. दर वर्षी सव्वीस जानेवारीला संगीतखुर्ची आणि लिंबू-चमचा खेळून आम्ही कंटाळलो होतो. यंदा तिनं खजिन्याचा शोध ठरवला होता. बाग आमची त्यासाठी फार चांगली. भिंतीभिंतीवर चित्रं, झाडाआडून डोकावणारी लोखंडाची जनावरं, फुटक्या काचांचा नाग. लपवायला जागाच जागा. चिठ्ठ्या तिनं ठेवल्याच नव्हत्या. आमच्याकडे चष्मे घरी विसरून येणारी माणसं जास्त, हे तिनं महिन्याभरात ओळखलं होतं. प्रत्येक ठिकाणी पिशवीत एक वस्तू. वस्तू बघायची, बागेतलं कुठलं शिल्प किंवा चित्र असेल ते ओळखायचं, तिथं जायचं, पुढची वस्तू घ्यायची. प्रत्येक घराची वाट वेगळी, पण शेवटची खूण सगळ्यांना सारखी. आणि अट एकच. खजिन्यापाशी पोचताना घरातली खेळणारी सगळी माणसं एकत्र पाहिजेत. कुणाला मागं टाकून आलात तर बाद.

खजिना म्हणजे पाच लिटरचा कुकर होता.

हे ऐकल्यावर आत्तींचं कपाच्या कानाकडे लक्ष राहिलं नाही. आमच्या जुन्या कुकरची शिट्टी दसऱ्याच्या आधी उडून ट्यूबलाइटला लागली होती, आणि तेव्हापासून भात शिजेपर्यंत स्वयंपाकघरात कुणी फिरकत नसे. माझ्या नवऱ्याला, सर्जेरावांना, रोज सांगून झालं होतं. ते रोज बघतो म्हणत होते. त्या सकाळी त्यांनी चहाच्या पातेल्याची जबाबदारी अंगावर घेतली होती, म्हणजे पळापळीतून सुटका.

“कुकर आपल्याच घरला आला पायजे,” आत्तींनी आम्हाला दम भरला. “घाटगीण न्हेऊन काय करणार? तिच्यात तर सगळी भाकरी खात्यात.”

घाटगे वैनी पलीकडच्याच बाकड्यावर होत्या. त्यांना ऐकू गेलं असणारच, कारण त्यांनी लगेच पदर खोचला.

शिट्टी झाली. आमच्या पिशवीत मूठभर लाल माती निघाली. ऋतुजा म्हणाली, कुंड्या. मामंजी हसले. कोल्हापुरात जन्मून मातीला कुंडी आठवणाऱ्या नातीकडे त्यांनी जरा काळजीनं बघितलं आणि ते पंपघराकडे चालू लागले. पंपघराच्या भिंतीवर दोन पैलवान एकमेकांना भिडलेले आहेत, माणसापेक्षा मोठे, चित्र असं की पाठीवरचा घाम पुसावासा वाटतो. पैलवानाच्या पायाशी दुसरी पिशवी होती. तिच्यात कंगवा. हे मात्र ऋतुजानं लगेच ओळखलं. सायकलच्या चेनींची आयाळ असलेला भंगाराचा घोडा, त्याच्यावर बसायला ती रोज भांडायची.

मामंजी त्या दिवशी खुशीत होते. एरवी शांत माणूस. आयुष्य फाउंड्रीत मोल्डर म्हणून काढलेलं. वाळूत साचे करायचे, लोकांनी त्यात लोखंड ओतायचं. ते म्हणत, माझं काम पोकळी करायचं, भरायचं काम दुसऱ्याचं. चालतानाही ते बागेच्या कडेनं, सावलीतून चालत. पण त्या सकाळी ऋतुजाचा हात धरून ते मधल्या वाटेनं चालले होते, आणि मागं वळून आत्तींना लवकर चला म्हणून खुणावत होते. नावानं हाक नाही. चारचौघांत आत्तींना ‘अक्के’ अशी नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. घरातसुद्धा दार लोटलेलं असेल तरच.

घोड्याच्या पोटाखाली तिसरी पिशवी टांगलेली होती. ऋतुजानं ती सोडली आणि आतली वस्तू वर धरली.

मधाची बाटली.

ऋतुजानं तोंड उघडलं. मी तिच्या दंडाला चिमटा काढला. तिनं तोंड मिटलं. आम्हा मायलेकींचं इतकं चांगलं पुन्हा कधी जमलं नाही.

आता तुम्हाला त्या कोपऱ्याबद्दल सांगायला हवं.

त्या शिबिराच्या वेळी मुलांनी बागेचा एक कोपरा रिकामा ठेवला होता, कॉलनीतल्या कुणाला काही करायचं असेल तर करू द्या म्हणून. मामंजी तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. सगळ्यांच्या आधी त्यांनी हात वर केला. म्हणाले, जन्मभर पोकळ्या केल्या, आता एक भरीव काहीतरी करतो. आणि त्यांनी ठरवलं की सकाळच्या उन्हात अंगणात बसून मटार सोलणारी आपली बायको करायची. सिमेंटची, बसलेली, खऱ्याएवढी. आत्ती लाजल्या, चिडल्या, आणि दुसऱ्या दिवशी शाल अंगावर घेऊन, मफलर बांधून, मांडीवर वाडगा घेऊन बसल्या. त्या हिवाळ्यात आम्ही इतके मटार खाल्ले की अजूनही मला मटार नको वाटतो.

मामंजींचं काम पक्कं. तिथंच घात झाला. शालीची लोकर दिसावी म्हणून त्यांनी ओल्या सिमेंटवर मोडक्या फणीनं, वरपासून खालपर्यंत, एकही जागा न सोडता रेघा ओढल्या. मफलरची टोकं तुटू नयेत म्हणून आत सळया घातल्या, त्यामुळे ती ताठ उभी राहिली. वाडगा निसटू नये म्हणून त्याला दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरवला. आणि नाक, ते त्यांना कधीच नीट जमलं नाही, ते पुढं आलं.

उद्घाटनाला पडदा बाजूला झाला आणि कुणी काही बोलेना. मग घाटग्यांच्या धाकट्यानं, जो तेव्हा जेमतेम बोलायला शिकला होता, आनंदानं एक शब्द उच्चारला. तो शब्द पुरा व्हायच्या आत सगळ्या कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. इतक्या जोरात टाळ्या आमच्याकडे कुणा मंत्र्यालासुद्धा मिळाल्या नाहीत. मामंजी हसले, हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी थापी, फणी, चाळण सगळं धुऊन पोत्यात बांधलं आणि माळ्यावर टाकलं. सिमेंटच्या धुरळ्यानं खोकला येतो म्हणाले. आम्ही ते खरं धरलं. शिल्पाखाली ‘कोवळं ऊन’ अशी फरशी होती, ती पहिल्याच पावसाळ्यात निखळली. पुढं स्वच्छ वॉर्डाच्या स्पर्धेआधी कुणा रंगाऱ्यानं जे सापडेल ते रंगवत सुटताना मूर्तीला तपकिरी ऑइलपेंट लावला, आणि नाकाला काळा. मग उरलंसुरलंही संपलं.

सगळं कोल्हापूर आमच्या बागेला अस्वलाची बाग म्हणतं. फक्त आमच्या घरासमोर म्हणत नाही. आम्ही दिसलो की बोलणाऱ्याचा आवाज खाली यायचा आणि ‘अस्वलापाशी भेटू’चं ‘त्या कोपऱ्यात भेटू’ व्हायचं. एकदा मामंजींना दवाखान्यातून घेऊन येताना रिक्षावाल्यानं विचारलं, अस्वलाच्या बागेपाशीच ना? मी म्हटलं, नाही, पुढं. आणि घर मागं टाकून आम्ही भलतीकडे उतरून चालत आलो. मामंजींनी का म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, वयामुळे लक्षात आलं नसेल.

आत्तींचं तर मला कोडंच होतं. दर शनिवारी काथ्याचा घासरा आणि बादली घेऊन त्या बागेत जात आणि मूर्तीवरची कावळ्यांची घाण घासून काढत. “माझं तोंड मी न्हाई घासायचं तर कुणी?” असं म्हणत. त्यांना ते अगदी आपल्यासारखं वाटतं, अशी माझी समजूत होती. मग कोण बोलणार? मामंजींनी केलेलं, म्हणून त्यांच्यापुढं बोलायचं नाही. आत्तींचं आहे, म्हणून त्यांच्यापुढं नाही. ऋतुजाला मी बोलायला शिकवलं त्याच वर्षी हा शब्द बोलायचा नाही हेही शिकवलं.

आणि आता माझ्या हातात मधाची बाटली होती.

आज तुम्ही त्या बागेत गेलात तर हिरवळीवर कासव दिसेल, पाण्याच्या टाकीपाशी बेडूक, पलीकडे पोट सुटलेला पाणघोडा. सगळी सिमेंटची, मुलांच्या बसण्यानं पाठी गुळगुळीत झालेली. ती मामंजींची. पण ते सगळं नंतरचं. त्या सकाळपर्यंत माळ्यावरचं पोतं कुणी सोडलेलं नव्हतं.

मामंजींनी बाटली माझ्या हातातून घेतली, डोळ्यांजवळ धरली. ते म्हणाले, मध म्हणजे पोळं असणार, चिंचेवर असतं. आम्ही चिंचेकडे गेलो. चिंच बागेच्या पार दुसऱ्या टोकाला. पोळं नव्हतं. मी म्हटलं, मध म्हणजे फुलं, वेलीची कमान बघू. कमान बघितली. ऋतुजानं मान खाली घालून सुचवलं की काचेच्या नागाला मध आवडत असेल. नागालाही विचारून आलो. आत्ती मागून लंगडत येत होत्या आणि काहीच सुचवत नव्हत्या. कुकर हातचा चाललेला बघून त्या एवढ्या गप्प कशा, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

एवढ्यात घाटगे मंडळी नागापाशी आली. घाटगे वैनींच्या हातात मधाची बाटली. त्यांनी आम्हाला बघितलं, बाटली पदराआड घेतली आणि पोळं कुठं दिसतंय का म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, चिंचेवर नाही. त्या म्हणाल्या, मग आम्ही पंपघराकडं बघतो. त्यांचा थोरला, चांगला कॉलेजात जाणारा, त्या कोपऱ्याकडे तोंड करून उभा होता. घाटग्यांनी त्याच्या खांद्याला धरून त्याला उलटा वळवला.

मग बेलेकर आले. मग वरच्या गल्लीतले शिकलगार. सगळ्यांच्या हातात मधाची बाटली, आणि सगळे मामंजींना बघून थबकलेले. थोड्या वेळानं सगळी कॉलनी त्या एवढ्याशा बागेत गोल गोल हिंडत होती. माणसं झाडावर बघत होती, बाकड्याखाली बघत होती. शिकलगार चाचांनी पैलवानाच्या काखेत हात घालून बघितला. बेलेकर आजोबा, ज्यांचा मुलगा डॉक्टर आहे, ते सगळ्यांना मधाचे औषधी गुण सांगत होते. आणि त्या कोपऱ्याकडे, जिथं दोन कान आभाळात उभे होते, तिथं कुणीही फिरकत नव्हतं. लहान मुलांचे हात आयांनी इतके घट्ट धरले होते की दोघं-तिघं रडायला लागली.

शलाका बिचारी बुचकळ्यात पडली. एवढी शिकलेली माणसं, इतकी सोपी खूण. ती कर्ण्यावरून मदत करू लागली. “मध कोणाला आवडतो? लहान मुलांच्या गोष्टीतलं आठवा.” सगळे डोकं खाजवू लागले. कुणी म्हणालं, माशीला. तिनं सांगितलं, केसाळ असतं. बेलेकर आजोबा म्हणाले, नारळ. शेवटी ती म्हणाली, आता मी नावच सांगून टाकते, आणि तेवढ्यात चहाचं पातेलं सोडून आमचे सर्जेराव धावत आले. मी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदा धावताना बघितलं. त्यांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं. शलाकाचा चेहरा उतरला. तिनं कर्णा खाली ठेवला, मग मामंजींकडे बघितलं, मग आत्तींकडे, आणि आत्तींच्या डोक्यावरच्या मफलरकडे बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

मामंजी आम्हाला पुन्हा चिंचेकडे घेऊन निघाले होते. त्यांच्या मागं चालताना माझ्या ध्यानात आलं. आम्ही सगळे त्या कोपऱ्याकडे चोरून का होईना, पण बघत होतो. नजर जायची आणि आम्ही ती ओढून घ्यायचो. मामंजींची नजर जातच नव्हती. वाट तिकडे वळली की ते पाठ करून वळत, न चुकता, सवयीनं. मग मला आठवलं की ते रोज सकाळी बागेत येतात आणि नेहमी एकाच बाकड्यावर बसतात. त्या कपबश्यांच्या बाकड्यावर. तिथून बागेतलं सगळं दिसतं, फक्त तो कोपरा पाठीमागं राहतो. मला रिक्षा आठवली. माळ्यावरचं पोतं आठवलं. ज्या माणसानं आयुष्यभर वाळूतला एक खडा चुकू दिला नाही, त्याला आपली मूर्ती कशी झाली हे कळलं नसेल, असं आम्ही इतकी वर्षं कसं धरून चाललो होतो?

मी मागं वळले. आत्तींना सांगावं, की मामंजींना आता घरी घेऊन जाऊ, कुकर मी विकत आणते. पण आत्ती मागं नव्हत्या.

त्या सरळ त्या कोपऱ्याकडे चालल्या होत्या. लंगडत, शाल सावरत, भर मधल्या वाटेनं. बागेतली हालचाल थांबत गेली. घाटगे वैनींनी पदराआडची बाटली बाहेर काढली आणि तिच्यावरचं लेबल वाचायला घेतलं. आत्ती चौथऱ्यापाशी पोचल्या, मूर्तीच्या गुडघ्याला धरून वर चढल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. त्यांच्या हातात आमची मधाची बाटली होती. केव्हा घेतली होती कोण जाणे. ती त्यांनी दोन्ही हातांनी मांडीवर धरली.

एक शाल, दुसरी शाल. दोन टोकं वर, आणखी दोन टोकं वर. मला हसू येत होतं आणि हसवतही नव्हतं.

आत्ती जरा मागं टेकायला गेल्या आणि कळवळून पुढं आल्या. पाठीमागं हात घालून त्यांनी चाचपलं.

“कुकरचा दांडा हाय,” त्यांनी सगळ्यांना सांगितलं. “आज मला सगळी टोचायलाच बसल्यात.”

कुणी हसलं नाही. हसावं की नाही, हे कळत नव्हतं. आत्तींनी ऋतुजाला बोलावलं. ती पळत गेली आणि सवयीनं मूर्तीच्या पाठीवर चढून बसली, आणि मग आपण कुठं बसलो हे कळून घाबरली. आत्तींनी तिच्या पायावर थोपटलं. मग मला बोलावलं. मी गेले. सर्जेराव खेळात नव्हते, तेही येऊन खाली उभे राहिले. आता फक्त मामंजी उरले. ते घोड्याजवळ उभे होते, आमच्याकडे पाठ करून. घोड्याच्या आयाळीतली एक चेन सुटली होती, ती ते बसवायला बघत होते.

“अवो,” आत्ती म्हणाल्या. मोठ्यानं नाही. मोठ्यानं बोलायची गरजही नव्हती, एवढी शांतता होती. “सगळं घर लागतंय म्हणं. तुमच्याबिगार कुकर मिळत न्हाई.”

मामंजी चेनीशीच खटपटत राहिले.

“दर शनवारी मी हिचं त्वांड घासती. मला ठावं हाय ती कशी दिसती. ही पोरं हिच्या पाठीवर बसून मोठी झाली, त्यांस्नी ठावं हाय. ह्या घाटगिणीला ठावं हाय, म्हणून ती कवाधरनं लेबल वाचायलीय, आणि तिच्याजवळ चष्मा न्हाई.” घाटगे वैनींनी बाटली खाली केली. “तुमीच तेवढं बघितलं न्हाई. एकदा या, आणि बघा, आणि काय झालंय ते तुमच्या तोंडानं सांगा. मी कवाची वाट बघतीय. मग जाऊ घरला.”

मामंजींनी चेन सोडली. ते वळले आणि चालू लागले. माणसं बाजूला सरकली, मुलांना ओढून घेतलं, वाट झाली. ते चौथऱ्यासमोर येऊन उभे राहिले. आधी त्यांनी आत्तींकडे बघितलं. मग मान जड असल्यासारखी वळवून मूर्तीकडे. बराच वेळ बघितलं. पुढं होऊन त्यांनी शालीवरच्या रेघांवरून बोट फिरवलं, त्या फणीच्या रेघा, एकही जागा न सोडलेल्या. काळ्या नाकाला हात लावला. मग आत्तींच्या मफलरचं एक टोक कलंडलं होतं, ते त्यांनी हलक्या हातानं सरळ उभं केलं, मूर्तीच्या कानासारखं, आणि दोघींना शेजारी शेजारी बघितलं. त्यांची मिशी थरथरायला लागली. मला वाटलं, आता हे रडणार. शलाका तर आधीच रडत होती.

“अक्के,” मामंजी म्हणाले, भर बागेत, सगळ्या कॉलनीसमोर, “अस्वल झालंय गं तुझं.”